गाडी नटवायचीय? आधी सांगा, उतरवणार कसं

मागच्या अंकात मी सहज लिहिलं की गाडी सजवण्याबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि पत्रांचा असा काही ढीग आला की विचारू नका. गंमत म्हणजे अर्ध्या पत्रांत "काय लावू" आहे आणि उरलेल्या अर्ध्यांत "लावलंय ते निघत नाहीये". मला वाटतं या दोन गटांनी आधी एकमेकांशीच बोलायला हवं होतं. असो, सगळ्यांना जागा नाही पुरणार, त्यातली काही घेतलीत.

प्रश्न: ताई, मित्राचं लग्न महिन्यावर आलंय आणि गाडी सजवायची जबाबदारी माझ्या गळ्यात पडलीय. गाडी पांढरी सेडान, ती पण नवरदेवाच्या काकांची, नवीकोरी. काकांनी सांगून ठेवलंय की एक ओरखडा दिसला तर बघ. बॉनेटवर फुलं, रिबन, मागच्या काचेवर दोघांची नावं असं डोक्यात आहे. डेकोरेटरला द्यायचं नाहीये, स्वतःच करायचंय. जमेल का?

उत्तर: अरे जमेल की, न जमायला काय झालं, पण काकांची धमकी हलक्यात घेऊ नकोस. आधी माझी फजिती ऐक. बहिणीच्या लग्नात आम्ही सगळ्यांनी मिळून अशीच एक पांढरी गाडी सजवली, लाल क्रेप पेपरच्या झालरी करून सगळीकडे चिकटवल्या, रात्री एक वाजता झोपलो, पहाटे दव पडलं आणि सकाळी बघतो तर गाडीवर गुलाबी ओघळच ओघळ. क्रेप पेपर ओला झाला की रंग सोडतो हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. बॉनेटवरचं पॉलिश करून गेलं पण बंपरवर एक फिकट डाग राहिला तो राहिलाच. तेव्हापासून मी गाडीला काहीही लावायच्या आधी एकच विचारते, हे निघणार कसं?

तर तुझ्यासाठी पहिली गोष्ट, क्रेप पेपर नको, सॅटिनची रिबन घे आणि तिचीही परीक्षा घे, एक तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर पाच मिनिटं दाबून ठेव, फडकं पांढरंच राहिलं तर ती रिबन तुझी. बॉनेटच्या पुढच्या टोकापासून दोन्ही बाजूंना व्ही आकारात नेतात ती रिबन साइड मिररला बांधू नकोस, कारण बऱ्याच गाड्यांचे आरसे लॉक केलं की आपोआप मिटतात, मग एकतर रिबन तुटते नाहीतर आरशाच्या मोटरवर ताण येतो. दरवाज्याच्या फटीतून आत घेऊन गाठ मार. आणि पुढचं टोक बॉनेटखाली अडकवणार असशील तर आत लोंबतं ठेवू नकोस, आत पंखा आहे बेल्ट आहे, एकदा ओढलं की संपलं.

फुलांचं सांगते, इथेच सगळ्यात जास्त घोळ होतात. बॉनेटवर फुलं बसवायला तीन रस्ते आहेत, चुंबकाचा बेस, सक्शन कपचा बेस किंवा रिबनने बांधणं. चुंबक घेऊन दुकानातून घरी यायच्या आधी फ्रिजवरचं साधं मॅग्नेट काकांच्या बॉनेटला लावून बघ, हल्ली बऱ्याच गाड्यांची बॉनेट अॅल्युमिनियमची असतात, तिथे चुंबक धरतच नाही, बंपर तर प्लास्टिकचाच असतो. चिकटलं तरी खाली पातळ फ्लॅनेलचं कापड हवं आणि ती जागा आधी धुतलेली हवी, कारण चुंबक पेंटला काही करत नाही, चुंबकाखाली अडकलेला धुळीचा कण करतो. सक्शन कप लावायचा तर तो भाग पुसून कोरडा, आणि कपाला किंचित पाणी. मला स्वतःला सक्शन कप आवडतो.

हिरवा फ्लोरल फोम असतो ना, त्याची एक वीट जवळपास दोन लिटर पाणी पिते, म्हणजे दोन किलो वजन तू उतरत्या बॉनेटवर ठेवतोयस. म्हणून अख्खी वीट नको, पाव तुकडा घे, खाली प्लास्टिकची ताटली, आणि तारेची सगळी टोकं वरच्या बाजूला वळवून टेपने गुंडाळ. काकांचा ओरखडा बहुतेक वेळा तारेनेच पडतो, फुलाने नाही. फुलं कुठली घ्यायची तर ऑर्किड आणि कार्नेशन उन्हात वाऱ्यात बराच वेळ टिकतात, गुलाब अर्धवट उमललेले घ्यायचे, हायड्रेंजिया फोटोत छान दिसतो पण पाणी कमी पडलं की तासाभरात मान टाकतो. लिली हवीच असेल तर मधले केशरी परागकोष चिमटीत धरून काढून टाक, तो पराग कपड्याला लागला की जात नाही आणि नवरीचा ड्रेस तिथूनच घासून जाणार आहे हे लिहून ठेव.

मग वेग. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी ४० ला जो रेटा फुलांवर असतो तो ८० ला दुप्पट नाही, चौपट. त्यामुळे सजवलेली गाडी ४० च्या आसपासच चालवायची, लांबचा हायवे असेल तर फुलं डिकीत ठेवून हॉलच्या थोडं अलीकडे थांबून लावायची, दहा मिनिटांचं काम आहे.

काय झाकायचं नाही ते पण सांगते. दिवे, नंबर प्लेट हे तर तुला माहीत असेलच. पण नव्या गाड्यांत पुढच्या लोगोमागे किंवा जाळीत रडार असतो आणि पुढच्या काचेच्या वरच्या भागात कॅमेरा असतो, तिथे भला मोठा बो बांधला की ऑटो ब्रेक वगैरे बंद पडतात किंवा डॅशबोर्डवर वॉर्निंग लागते. पार्किंग सेन्सरसमोर रिबन लोंबली की गाडी सगळा रस्ताभर टूं टूं करत बसते. ग्रिल पूर्ण फुलांनी भरली तर रेडिएटरला हवा मिळत नाही, वरातीत गाडी तशीही रांगत असते, त्यात तापली तर फोटो वेगळेच येतील. आणि चालवणाऱ्याने सीटवर बसून बघायचं की समोर फुलांचा डोंगर दिसतोय का, ही उठाठेव बाहेर उभं राहून होत नाही.

काचेवर नावं लिहायला पाण्यात निघणारा चॉक मार्कर, फक्त मागच्या काचेवर आणि फक्त बाहेरून. आतून लिहू नकोस, कारण मागच्या काचेवर आतल्या बाजूला ज्या बारीक रेघा दिसतात ती डीफॉगरची तार असते, नंतर घासताना ती खरवडली गेली की तेवढ्या पट्ट्यातलं धुकं पुढे जात नाही. पेंटवर, रबरवर मार्कर चालवायचा नाही. आणि मित्रमंडळींना आत्ताच सांगून ठेव की शेव्हिंग फोम आणि तो फवारणीचा रंगीत धाग्यांचा स्प्रे गाडीवर नको, रंगीत धागा उन्हात वाळला की पेंटवर डाग धरतो.

शेवटचं, त्याच रात्री उतरव. थकलेला असशील तरी. फुलांचा चीक, पराग, ओला फोम रात्रभर राहिला की खूण सोडतो. आधी पाणी मार आणि मग पूस, कोरडं पुसायचं नाही. वायपरच्या खाली जाळी असते तिथल्या पाकळ्या हाताने वेचून काढ, त्या आत कुजून पाण्याचा निचरा अडवतात आणि मग दोन महिन्यांनी काका म्हणतात एसीतून वास येतोय.

प्रश्न: नमस्कार ताई, पहिली गाडी घेतली, सेकंडहँड, ग्रे हॅचबॅक. चालते छान पण दिसायला एकदम ऑफिसमधल्या कपाटासारखी. रोजच्या वापरात जरा स्टायलिश दिसावी म्हणून काय करू? स्पॉयलर, बॉनेटवर खोटा एअर स्कूप, क्रोमच्या पट्ट्या असं एका दुकानदाराने सुचवलंय.

उत्तर: कपाटासारखी हे वाचून मी खूप हसले. दुकानदाराचं राहू दे बाजूला. एअर स्कूप म्हणजे बॉनेटवरचं हवा आत घ्यायचं तोंड, खोटा स्कूप म्हणजे शर्टाला न उघडणारा खिसा, आणि तो लागतो डबल टेपवर, काढायला गेलं की पेंट सोबत येतो कधीकधी. माझं मत स्पष्ट आहे, नको.

जुनी गाडी जुनी दिसते ती रंगामुळे कमी आणि हेडलाइटमुळे जास्त. हेडलाइटची काच म्हणजे पॉलिकार्बोनेट प्लास्टिक असतं, त्यावरचा यूव्ही थर उन्हाने झिजला की ते पिवळं धुरकट होतं, आणि डोळे पिवळे पडले की माणूस आजारी दिसतो तसंच. हजार, मग दोन हजार, मग तीन हजार नंबरचा पॉलिश पेपर पाणी मारत मारत फिरवायचा, नंतर पॉलिश, आणि मग यूव्ही कोट लावायचाच लावायचा, बरेच जण हे शेवटचं सोडून देतात आणि काही महिन्यांत परत पिवळी झाली म्हणून बोंब मारतात. आजूबाजूच्या पेंटला आधी मास्किंग टेप लाव. हे झालं की काळ्या प्लास्टिकचे जे भाग राखाडी पडलेत त्यांना ट्रिम रिस्टोअरर, म्हणजे त्यांचा काळेपणा परत आणणारं द्रावण. मग एक नीट वॉश, आत व्हॅक्यूम. या तीन गोष्टींनी गाडी पाच वर्षांनी लहान दिसते, खरंच सांगतेय.

आता स्टाइल. ग्रे रंग म्हणजे लॉटरी आहे, त्यावर कुठलाही एक रंग खुलतो, पण एकच. समज मोहरीसारखा पिवळा घेतलास, तर साइड मिररच्या टोप्या विनाइलच्या चिकट फिल्मने पिवळ्या, आत सीट कव्हरची शिलाई पिवळी, किचेन पिवळं, बस. चौथी गोष्ट पिवळी करायचा मोह होईल, तिथे थांबायचं. ब्रेक कॅलिपर, म्हणजे चाकामागे ब्रेकची डिस्क पकडणारे भाग, रंगवायचे असतील तर उष्णता सोसणारा खास पेंट मिळतो तोच, आणि डिस्कवर किंवा पॅडवर एक थेंबसुद्धा नाही, सराव नसेल तर गॅरेजवाल्याकडून करून घे. व्हील कव्हर घेताना आपल्या रिमचा इंच टायरवर वाचून घे, १७५/६५ आर १४ असं लिहिलेलं असतं, त्यातला शेवटचा १४ म्हणजे रिम. क्रोमच्या पट्ट्या लावल्यास तरी चालेल, पण मला विचारशील तर ग्रेवर क्रोम म्हणजे कपाटाला नवीन हँडल.

प्रश्न: आमच्या बाबांचं आणि माझं भांडण चालूय. मला गाडीत एलईडी लावायचेत, आत पायापाशी आणि बाहेर खालून निळा ग्लो. बाबा म्हणतात बॅटरी बसेल, वायरिंग जळेल. कोण बरोबर?

उत्तर: दोघंही, आळीपाळीने. चल हिशोब करू. बाजारात जास्त उजेडाची जी पट्टी मिळते, मीटरला साठ मोठे दिवे असलेली, ती मीटरला साधारण १४ वॅट खाते. गाडीला खालून चारी बाजूंनी पाच मीटर लावलीस की ७० वॅटच्या वर गेलास, म्हणजे १२ व्होल्टला ६ अँपिअर. इंजिन बंद ठेवून मित्रांसोबत तीन तास मिरवलंस तर १८ अँपिअर अवर गेले, आणि लहान गाडीची बॅटरी असते पस्तीस ते पंचेचाळीसची. जुनी बॅटरी असेल तर सेल्फ घरघरेल, मग धक्का मारायला बाबांनाच बोलवावं लागेल. तेच आत पायापाशी कमी उजेडाची एक मीटर पट्टी लावलीस तर ५ वॅटसुद्धा होत नाहीत, तिचा भार बॅटरीला कळतही नाही. म्हणजे बॅटरीच्या मुद्द्यावर बाहेरच्या ग्लोसाठी बाबा जिंकले आणि आतल्यासाठी तू.

वायरिंगचं म्हणशील तर जळते ती एलईडीमुळे नाही, कुठलीतरी वायर सोलून तिला पीळ मारून वर टेप गुंडाळलेली असते त्यामुळे. फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅप, म्हणजे वायर न सोलता नवी लाइन काढायचा जोड, लावून घे, वेगळा लहान फ्यूज टाक, आणि लाइन अशी निवड की चावी काढली की दिवे पण बंद. पिवळ्या रंगाच्या नळीतून किंवा पिवळ्या कनेक्टरने जाणाऱ्या वायरना हात लावायचा नाही, ती एअरबॅगची लाइन असते.

आता निळ्या ग्लोचं. मला तो आवडत नाही हे आधी सांगते, पण आवडीचा प्रश्न नाहीये. निळे आणि लाल दिवे बऱ्याच देशांत पोलीस, अँब्युलन्स, अग्निशमन यांच्यासाठी राखीव असतात. १९६८ चा व्हिएन्नाचा जो रस्ते वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार आहे त्यातही हे धरलेलं आहे की गाडीच्या पुढून लाल दिवा दिसायचा नाही आणि रिव्हर्सचा सोडला तर मागून पांढरा दिसायचा नाही, कारण समोरच्याला अंधारात रंगावरूनच कळतं की गाडी येतेय का जातेय. म्हणून बाहेरचा ग्लो कार शोमध्ये उभ्या गाडीला, रस्त्यावर नाही. आत लावलास तरी मंद आणि उबदार रंगाचा, सीटच्या खालून, दिवा स्वतः दिसता कामा नये नुसता उजेड दिसला पाहिजे, नाहीतर रात्री त्याचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि बाहेरचं दिसेनासं होतं.

प्रश्न: डॅशबोर्डवर काचेची सुंदर परफ्यूमची बाटली ठेवली होती, वळणावर आडवी झाली आणि तिथलं प्लास्टिक चिकट होऊन त्याची चमकच गेली. आता काय लावू त्यावर?

उत्तर: अहो त्यावर काही लावलं तरी ती जागा पूर्वीसारखी होत नाही, अत्तरातलं सॉल्व्हंट प्लास्टिकचा वरचा थर विरघळवतं. ओल्या फडक्याने सौम्य साबण लावून चिकटपणा काढा आणि वर डॅशबोर्डची मॅट अंथरा, पण साइजने मोठी नको, पॅसेंजर एअरबॅगचं झाकण मोकळं राहिलं पाहिजे.

मुळात डॅशबोर्ड ही शोकेस नव्हेच. २०१८ साली अॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या लोकांनी कडक उन्हाळ्यात उन्हात उभ्या गाड्यांच्या आतलं तापमान मोजलं होतं, तासाभरात डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांवर, स्टीअरिंग ५३ वर आणि सीट ५१ वर गेली होती. म्हणजे तुम्ही ती नाजूक बाटली तव्यावर ठेवली होतीत. शिवाय पाण्याने भरलेली गोल काच भिंगाचं काम करते, ऊन एका ठिकाणी गोळा करून डाग पाडू शकते, क्रिस्टलच्या गोळ्यांचंही तेच.

वास हवाच असेल तर एसीच्या जाळीची क्लिप किंवा कागदी फ्रेशनर. झाडाच्या आकाराचा तो कागदी फ्रेशनर सगळ्यांनी पाहिलेला असतो, तो १९५२ मधे न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाउनमधे ज्युलियस सॅमन नावाच्या केमिस्टने काढला, एका दूधगाडीवाल्याने सांडलेल्या दुधाच्या वासाची कटकट सांगितली त्यावरून. त्याचं पाकीट एकदम फाडायचं नसतं, वरचं टोक कापून दर आठवड्याला थोडं थोडं बाहेर काढायचं असतं. आपण पहिल्याच दिवशी सगळं सोलतो, डोकं धरतं आणि दोन आठवड्यांत वास गायब.

प्रश्न: आरशाला काय टांगू?

उत्तर: काही नाही. हलणारी वस्तू डोळा ओढून घेते आणि नेमकं तिच्यामागून कुणीतरी रस्ता ओलांडत असतं. फारच मन होत असेल तर गाडी उभी असताना टांगा, निघताना काढा.

प्रश्न: मला अख्खी गाडी फुलाफुलांच्या डिझाइनची करायचीय. नवरा म्हणतो वेडी आहेस का. पेंट करू का रॅप? आणि नवऱ्याला काय सांगू?

उत्तर: नवऱ्याला सांगा की बीटल्सच्या जॉन लेननने १९६७ मधे आपली रोल्स रॉइस पिवळी करून तिच्यावर वेलबुट्टी आणि फुलं काढून घेतली होती, आणि आज ती कॅनडात म्युझियमच्या संग्रहात आहे. १९७९ मधे अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकाराने बीएमडब्ल्यूची रेसिंग कार स्वतःच्या हाताने अर्ध्या तासाच्या आत रंगवली आणि त्याच वर्षी ती फ्रान्समधल्या ल माँच्या शर्यतीत धावलीही. त्यामुळे वेडं कोण ते ठरवायची घाई नको.

पण मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट अमेरिकन गायिका जॅनिस जॉप्लिनच्या पोर्शची. तिच्या रोडीने, म्हणजे दौऱ्यावर सामान सांभाळणाऱ्या डेव्ह रिचर्ड्सने, ती फुलपाखरं, डोंगर, चेहरे अशी सगळी अंगभर रंगवली आणि वर क्लिअर कोटचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा, थर दिला. पुढे गाडी चोरीला गेली आणि चोराने ओळखू येऊ नये म्हणून वरून ग्रे स्प्रे मारला. गाडी सापडल्यावर तो ग्रे काढता आला आणि खालची चित्रं वाचली, ती त्या क्लिअर कोटमुळेच.

तुमच्यासाठी मात्र मी रॅपच म्हणेन, म्हणजे पेंटवर चिकटवायची विनाइलची फिल्म, कारण पाच वर्षांनी फुलांचा कंटाळा येऊ शकतो आणि नवऱ्याचा प्रश्न तेव्हाही असेलच. रॅपचे दोन प्रकार लक्षात ठेवा, कास्ट आणि कॅलेंडर्ड. कास्ट फिल्म पातळ असते, साधारण ५० मायक्रॉन, वळणांवर नीट बसते आणि आकसत नाही. कॅलेंडर्ड जाड आणि स्वस्त, ती लाटून ताणून बनवतात म्हणून उन्हात तिला परत लहान व्हायचं असतं, मग कडा मागे सरकतात आणि मधे गोंदाची काळी रेघ दिसते. सपाट दारावर छोटं स्टिकर असेल तर कॅलेंडर्ड चालते, अख्ख्या गाडीला नाही. दुकानात विचारा, कास्ट आहे का, आणि वर लॅमिनेशनचा पारदर्शक थर आहे का, छापील डिझाइनला ते नसेल तर रंग लवकर उडतो. छत आणि बॉनेटवरचं विनाइल दारांपेक्षा आधी जातं, ऊन सरळ तिथेच पडतं.

गाडीला नुकताच नवा पेंट मारलेला असेल तर थांबा, पेंटमधली सॉल्व्हंटची वाफ पूर्ण निघून जायला वेळ लागतो, पेंटरला विचारून किमान महिनाभर तरी. कुठे पेंट आधीच पोपडा धरलेला असेल तर रॅप काढताना तो सोबत येणार, त्याला रॅपवाला जबाबदार नाही. गाडीचा मूळ रंग बदलतोय म्हटल्यावर रजिस्ट्रेशनच्या कागदांवर आणि इन्शुरन्समधे तो कळवावा लागतो का हे आपापल्या ठिकाणी विचारून मगच काम चालू करा. आणि कार्यशाळेतून गाडी आली की पहिला आठवडाभर धुवायची नाही, नंतरही प्रेशरच्या पाण्याची नळी कडांवर धरायची नाही.

प्रश्न: मुलीचा पाचवा वाढदिवस आहे. गाडीत मागे फुगे भरून तिला सरप्राइज द्यायचंय. काही काळजी?

उत्तर: कल्पना गोड आहे, पण गाडी उभी असताना. फुग्यांनी मागची काच बंद करून चालवू नका, आणि एक फुगा फुटला तरी चालवणारा दचकतो.

फुगे पूर्ण टम्म फुगवू नका. २० अंशात भरलेली हवा ५५ अंशात जवळपास बारा टक्के फुगते, आणि उन्हात बंद गाडी तेवढी तापायला वेळ लागत नाही, म्हणजे मुलगी दार उघडायच्या आधीच फटाफट आवाज. पाऊण भागच भरा, गाडी सावलीत ठेवा. हेलियमचा सिलिंडर बंद गाडीत उघडायचा नाही, गाडीबाहेर फुगे भरून आत न्यायचे, कारण बंद जागेत हेलियम साठला की श्वासाला हवा उरत नाही आणि आधी काही जाणवतही नाही. गॅसचा एखादाच फुगा हातात देऊन मुलीला गाडीत बसवाल ना, तर ब्रेक लागल्यावर बघायला सांगा, सगळे पुढे झुकतात आणि फुगा मागे जातो. जड हवा पुढे धावते म्हणून हलका फुगा मागे ढकलला जातो. माझा भाचा दर सिग्नलला ओरडायचा. आणि हो, ग्लिटर भरलेले फुगे आणू नका. ग्लिटर गाडी विकेपर्यंत निघत नाही.

प्रश्न: सासूबाईंनी प्रेमाने क्रोशाचं स्टीअरिंग कव्हर आणि चारी सीटना जाड कव्हरं विणून दिलीत. मन मोडवत नाही. लावू ना?

उत्तर: मागच्या सीटना खुशाल लावा, सीटबेल्टची कुलपं आणि मुलांच्या सीटचे हूक तेवढे बाहेर राहू देत. पुढच्या दोन सीटच्या दाराकडच्या कडेला एअरबॅग असं लिहिलेलं लेबल आहे का बघा. हे साइड एअरबॅग नव्वदीच्या मध्यापासून, आधी व्होल्वोमधे आणि मग सगळीकडे आले, ते सीटच्या त्याच कडेतून फाडून बाहेर येतात आणि त्यांना सेकंदाचा अगदी लहानसा तुकडा मिळतो. जाड विणकाम तिथे आलं की तो तुकडा वाया गेला. लेबल असेल तर तेवढी बाजू उसवून मोकळी ठेवा, सासूबाईंना कारण सांगा, उलट त्यांना बरं वाटेल.

स्टीअरिंगचं कव्हर मात्र नको. लोकर हातात घसरते आणि वळवताना कव्हर फिरतं, चाक तिथेच राहतं. ते कुशनला घाला.

मॅटचं विचारलं नाहीत पण सांगून टाकते, कंपनीच्या मॅटवर दुसरी सुंदर मॅट टाकायची सवय असते अनेकांना. २००९ मधे टोयोटाला अमेरिकेत ३८ लाख गाड्यांसाठी रिकॉल काढावा लागला होता, मॅट सरकून अॅक्सलरेटर अडकू शकतो म्हणून. ड्रायव्हरच्या बाजूला एकच मॅट, हुकात अडकवलेली.

प्रश्न: ताई, आधीच्या मालकाने मागच्या दारावर भलीमोठी मांजर चिकटवलीय. मला मांजरं आवडत नाहीत. ब्लेडने खरवडू का?

उत्तर: ब्लेड ठेव खाली! हेअर ड्रायर घे, हाताला सोसेल इतपत गरम कर, कोपरा नखाने उचल आणि स्टिकर दाराला लागून मागे वळवत सावकाश ओढ, आपल्याकडे सरळ ओढलंस की तुकडे पडतात. अडलं तर जुनं प्लास्टिकचं कार्ड. उरलेला गोंद स्टिकर रिमूव्हरने नाहीतर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने मऊ करून पुसायचा, आधी दाराच्या खालच्या कोपऱ्यात थेंबभर लावून बघ. मग धू आणि वॅक्स मार, कारण तिथलं जुनं वॅक्स पण गेलेलं असतं.

आता वाईट बातमी. स्टिकर बरीच वर्षं होतं तर आजूबाजूचा पेंट उन्हाने फिका पडलेला असणार आणि खालचा तसाच गडद, म्हणजे मांजर गेली तरी मांजरीची सावली राहणार. हलक्या पॉलिशने आजूबाजूचा मेलेला थर निघून फरक बराच कमी होतो, पण प्रत्येक वेळी पूर्ण जातोच असं नाही. तरीही दिसलीच, तर तिच्यावर तिच्यापेक्षा थोडं मोठं काहीतरी तुझ्या आवडीचं लाव. कुत्रा चालेल?